बारावीनंतर घर सोडताना: कागदपत्रं, मंडळी आणि दहा दिवसांची अट

निकाल लागला की पुढच्या एखाद्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बारावीच्या मुलांना उपासनेत पुढे बोलावतात. पाळकसाहेब प्रार्थना करतात, स्त्रीमंडळाकडून फोल्डर किंवा पेन मिळतं आणि त्याबरोबर एक कार्ड. कार्डावरचं वचन जवळजवळ ठरलेलं असतं, यिर्मया 29:11. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प "हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत". फोटो काढले जातात, स्टेटसला लागतात आणि जून-जुलैपर्यंत निम्मी मुलं नगर सोडून पुण्याला गेलेली असतात.

मी आठवडाभर एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसात दाखले लिहिते आणि रविवारी मंडळीचा तरुण संघ बघते. त्यामुळे हीच मुलं सोमवार ते शनिवार मला मॅडम म्हणतात आणि रविवारी मावशी. दोन्ही खिडक्यांतून बघून एक गोष्ट कळते ती अशी: शहरात गेल्यावर विश्वास कोणी ठरवून सोडत नाही. पहिला रविवार सामान लावण्यात जातो, दुसरा झोपेत, तिसरा असाइनमेंटमध्ये, आणि नाताळात घरी आल्यावर प्रभुभोजनाला उठायचं की नाही, असा प्रश्न पडतो. म्हणून जाण्याआधी आणि गेल्यावर नेमकं काय करायचं ते सांगते.

आधी ते अख्खं पत्र वाचा

कार्डावरची ओळ एका पत्रातली आहे. यिर्मया हा संदेष्टा यरुशलेमेत होता. ज्यांना नबुखद्नेस्सर राजाने धरून बाबेलला नेलं होतं त्यांना त्याने ते पाठवलं. म्हणजे घर सुटलेल्या, मंदिर लांब राहिलेल्या, परक्या भाषेच्या शहरात राहणाऱ्या माणसांना. त्याच सुमारास हनन्या नावाचा एक संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल. अठ्ठाविसावा अध्याय वाचा, तिथे तो भेटेल. यिर्मया म्हणतो, असं काही होणार नाही, सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

अकरावी ओळ याच्यानंतर येते. देव चांगलं करणार आहे, तेव्हा तुम्ही नुसती वाट बघत बसा, असं तो म्हणत नाही. खोलीवर सामान लावा, ओळखी करा, त्या शहराचे व्हा. अभ्यास संपेपर्यंत अर्धं मन नगरच्या बसमध्ये ठेवून राहणारी मुलं मी पाहिली आहेत. दर शुक्रवारी बॅग भरून एकशेवीस किलोमीटर परत. आईला बरं वाटतं, पण अशा मुलांचं पुण्यात कुणीच होत नाही आणि इथल्या तरुण संघातही ती पाहुण्यासारखीच असतात. पहिले दोन महिने तरी रविवार तिथेच काढा. आई रडेल. रडू द्या.

चौथ्या ओळीपासून चौदाव्यापर्यंत एकदा मोठ्याने वाचा. पाच मिनिटं लागत नाहीत.

जाण्याआधी पाळकसाहेबांकडे एक फेरी

हे ऑफिसवाली म्हणून सांगते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र हे सगळे मिळवतात. मंडळीकडचे कागद मात्र शेवटच्या दिवशी आठवतात आणि मग रात्री दहाला पाळकसाहेबांना फोन जातो.

बाप्तिस्म्याचा दाखला काढून घ्या. ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांच्या काही महाविद्यालयांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. तिथे हा दाखला लागतो आणि बहुतेक ठिकाणी पाळकांचं पत्रही लागतं. कधीकधी महाविद्यालयाचा स्वतःचा नमुना असतो, म्हणून आधी माहितीपुस्तिका बघा आणि मगच पत्र लिहून मागा. दुसऱ्या नमुन्यातलं पत्र परत येतं आणि तोवर प्रवेशाची फेरी संपलेली असते.

नावाची स्पेलिंग जुळवून बघा. आपल्याकडे हा घोळ फार. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये शमुवेल, मार्कशीटवर सॅम्युएल, आधारवर सॅम्युअल, आणि वडिलांचं नाव एकीकडे योहान तर दुसरीकडे जॉन. एकच माणूस, पण खिडकीवरच्या बाईला ते कसं कळणार? घरी सगळे कागद एका चादरीवर पसरा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुरुस्ती लागणार असेल तर ती मे महिन्यातच सुरू करा.

तिसरा कागद कोणी मागत नाही, पण मी मागायला लावते. तुम्ही या मंडळीचे सभासद आहात, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं आहे आणि तुम्ही पुण्यात शिकायला येत आहात, असं तिथल्या पाळकांच्या नावे चार ओळींचं पत्र. कितीतरी मुलांना ते द्यायला लाज वाटते. तरी घ्या. नव्या ठिकाणी दारात उभं राहून "मी नगरहून आलोय" म्हणणं अवघड जातं. हातात कागद असला की तो द्यायचा, एवढंच काम उरतं.

मंडळी शोधताना

पहिल्याच रविवारी जा. सामान लावून झालेलं नसलं तरी जा, इस्त्री नसली तरी जा.

आपल्या सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मुलांनी गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या पवित्र नाम देवालयापासून सुरुवात करावी, असं मी सुचवते. देवळापासून वेगळा उभा असलेला घंटेचा उंच मनोरा लांबून दिसतो, त्यामुळे चुकायचं काम नाही. कसब्यात ब्रदर देशपांडे चर्च आहे. कॅथलिक असाल तर हॉस्टेलजवळचं पॅरिश विचारा आणि मराठी मिस्सा किती वाजता असते, हेही तेव्हाच विचारून घ्या. मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) घरातले असाल तर निघण्याआधी इथल्याच अधिकाऱ्यांना पुण्यातल्या ठिकाणाचा पत्ता विचारा. इंग्रजी उपासनेला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, बरीच मुलं तिकडे रमतात. पण ज्या भाषेत तुम्ही पहिली प्रार्थना शिकलात, तिच्यात रडताही येतं. पहिल्या वर्षी त्याची गरज पडते.

दर रविवारी नवं चर्च बघत फिरू नका. इथली गाणी छान, तिथला साउंड भारी, तिसरीकडे बिर्याणी, असं करत वर्ष निघून जातं. दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा आणि महिनाभरात एक धरा. तिथे काही खटकलं तर खटकू द्या. आपल्या नगरच्या मंडळीत तरी सगळं आवडत होतं का?

काही ठिकाणांहून मात्र मागे फिरा. पहिल्या भेटीतच अर्पणाला "बियाणं" म्हणून आकडा सांगणारे, आईवडिलांना हे सांगू नका म्हणणारे, तुमची मंडळी मेलेली आहे असं सांगणारे, रात्री अकराच्या सभेला यायलाच हवं म्हणून पाठीस लागणारे. हॉस्टेलच्या मुलांना अशी माणसं बरोबर हेरतात, कारण घर सुटलेल्या मुलाला कुणी नावाने हाक मारली की तो लगेच विरघळतो. देवाचं नाव घेऊन केलेली घाई दिसली की आधी घरी फोन करा.

आता मंडळीत गेल्यावर काय करायचं? मागच्या बाकावर दाराशी बसून आशीर्वादानंतर सटकायचं नाही. उपासनेनंतर चहा असतो, तो घ्यायचा. याच पंचहौद मिशनमध्ये 1890 साली चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर प्रायश्चित्ताचं प्रकरण शेकलं होतं. तुम्हाला तर कुणी विचारणारही नाही, उलट दुसरं बिस्किट मिळेल. चहाच्या वेळी पाळकीणबाईंना भेटा आणि नाव, गाव, हॉस्टेल एवढं सांगा. पाळकसाहेब विसरतील, पाळकीणबाई विसरणार नाहीत.

आणि एखादं काम मागून घ्या. हार्मोनियम, तबला येत असेल तर सोनं. नसेल येत तर प्रोजेक्टर लावायचा, गीतांची पुस्तकं वाटायची, संडे स्कूलची लहान मुलं सांभाळायची. नुसता बसणारा मुलगा आला नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही. प्रोजेक्टरवाला आला नाही तर साडेनऊला फोन येतो, "अरे, कुठेस?" परक्या शहरात असा फोन करणारं कुणीतरी असायला हवं.

खोलीवर

मुलांचे खरे प्रश्न इथे असतात. चर्चचं ठरवता येतं, रूम पार्टनर ठरवता येत नाही.

दानीएलाचा पहिला अध्याय संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी पाठ केलेला असतो, पण तो लहानपणी वाचला की नुसती भाजी लक्षात राहते. आता पुन्हा वाचा. दानीएल आणि त्याचे तीन सोबती, बाबेलला नेलेली ही मुलं, तुमच्यासारखीच शिकायला बसवलेली होती. खास्द्यांची, म्हणजे बाबेलवाल्यांची, भाषा आणि विद्या, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटी राजासमोर परीक्षा. नावंही बदलली, दानीएलाचा बेल्टशस्सर झाला. त्यांनी अभ्यासाला नाही म्हटलं नाही, नावावरून भांडले नाहीत. एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली, राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस नको.

ते कसं केलं, हे बघण्यासारखं आहे. दानीएलाने मनात निश्चय आधी केला, ताट समोर आल्यावर नाही. मग त्याने वरच्या अधिकाऱ्याला विनंती केली. त्याला दानीएलाबद्दल माया होती, पण राजाची भीती होती. ते पाहून दानीएल त्याच्या हाताखालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, दहा दिवस करून बघ. आम्हाला शाकभाजी आणि पाणी दे, मग आमची तोंडं बघ आणि तूच ठरव. समोरच्याची अडचण ओळखून, नोकरी न घालवता त्याला मान्य करता येईल एवढीच मागणी. शिवाय ते चौघे होते, एकटा कुणी नव्हता.

हे तसंच खोलीवर करता येतं. दारू, सिगरेट, परीक्षेतली कॉपी, मुलींविषयीचं घाण बोलणं, यांत काय करायचं नाही ते पुण्याला जाणाऱ्या बसमध्येच ठरवा. पार्टीत ग्लास पुढे आल्यावर "बघू" म्हणणारा कधीच नाही म्हणू शकत नाही. "मी घेत नाही, थम्स अप आण" एवढं पुरतं. प्रवचन नको. पहिल्यांदा हसतात, पुढच्या वेळी तेच थम्स अप आणून ठेवतात आणि रात्री सगळ्यांना खोलीवर पोहोचवायचं काम तुमच्यावर येतं.

गणपतीत दरवर्षी फोन येतो. "मावशी, हॉस्टेलवर गणपती बसवलाय, मोदक खायचा का? आरतीला उभं राहायचं का? वर्गणी द्यायची का?" नगरलाही गणपती असतो, पण इथे संध्याकाळी आपण आपल्या घरी असतो, तिथे तो शेजारच्या खोलीत आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय, आणि रोमकरांस पत्राचा चौदावा, हे तीन वाचा. करिंथकरांच्या पत्रात मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचाच प्रश्न आहे, रोमकरांसच्या पत्रात काय खावं यावरच्या मतभेदाचा, आणि पौल एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होत नाही. माझं मत विचाराल तर पूजेत आपला भाग नाही, हे साधेपणाने आणि आधीच सांगावं. मंडप बांधायला, खुर्च्या लावायला, विसर्जनानंतर कचरा उचलायला जावं. मोदकाबद्दल आपल्याच मंडळीत दोन मतं आहेत. तुमचं मन कचरत असेल तर खाऊ नका आणि खाणाऱ्या आपल्या भावाला नावं ठेवू नका. नाताळात याच मुलांना पंचहौदला घेऊन जा, येतात ती. केक तर सोडत नाहीत.

रात्री दोनला धर्मावरून वाद घालू नका. कुणी खरंच विचारलं तर जेवढं माहीत आहे तेवढं सांगा, आणि ओढून कुणाला धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नका. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला चालले होते, तेव्हा आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाशी बोलणं झालं आणि त्याने त्यांना नवा करार दिला. टिळकांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला. मधल्या काळात त्यांनी स्वतः वाचलं, प्रश्न काढले, पत्रं लिहिली, घरातला केवढा तरी त्रास सोसला. डब्यातल्या त्या माणसाने त्यांच्यामागे तगादा लावला नव्हता.

रोजचं वाचन

तासभर वगैरे ठरवू नका, टिकत नाही. मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, रोज एक वाचला तर सोळा दिवसांत संपतं. फोनवर वाचलं तर चालतं, पण मी छापील पवित्र शास्त्र (बायबल) न्यायला सांगते, कारण फोनवर तिसऱ्या ओळीला वर्गाच्या ग्रुपचा मेसेज टपकतो.

घरच्या सांजच्या प्रार्थनेत आठवड्यातून एकदा फोनवरून बसा. दिवस ठरवून टाका. एकाने गीत सांगायचं, एकाने वाचायचं, आजीने प्रार्थना करायची. तिची प्रार्थना लांबली तर लांबू द्या, त्यात तुमचं नाव असतं.

पालकांनाही एक सांगायचं आहे. रविवारी फोन करून "चर्चला गेलास का?" विचारलं की उत्तर "हो" येतं, गेलेला असो वा नसो. "आज शेजारी कोण बसलं होतं?" असं विचारा.

प्रश्न पडू लागले तर

विज्ञानवाल्यांना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरून पडतात, इतिहासवाल्यांना मिशनरी आणि इंग्रज राज्यावरून, आणि सगळ्यांना चांगल्या माणसांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखावरून. घाबरू नका आणि लपवूही नका.

पंडिता रमाबाईंचं नाव प्रत्येक कार्यक्रमात घेतलं जातं, ते निराधार बायकांसाठी केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनसाठी. मला त्यांच्या आयुष्याची आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्यांचा जन्म 1858 चा. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, तेव्हा त्या तुमच्याच वयाच्या होत्या. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर्सचंच काम पंचहौदला होतं. बाप्तिस्म्यानंतर त्या गप्प बसल्या नाहीत. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चच्या अधिकाराबद्दल त्यांनी त्याच सिस्टर्सना पत्रांतून टोकदार प्रश्न विचारले, आणि सांगितलं म्हणून मानायला नकार दिला. लोक वैतागले. रमाबाई ख्रिस्ताला धरून राहिल्या आणि शेवटी केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या, ते काम पुरं करूनच.

तेव्हा प्रश्न वहीत लिहा आणि नगरला आलात की घेऊन या. मला येत नसेल तर येणाऱ्याकडे पाठवीन. फक्त ज्याला उत्तराशी घेणंदेणं नाही, नुसती मजा बघायची आहे, त्याच्याकडे ती वही उघडू नका.

पैसे

मेसचं बिल आणि भाडं महिन्याच्या एक तारखेला वेगळं काढा, मग अर्पण, मग बाकीचं. अर्पण दहा रुपये असलं तरी चालेल, पण स्वतःच्या खर्चातून जाऊ द्या. फोनवरच्या कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला हात लावू नका. अडलात तर घरी सांगा, घरी सांगता येत नसेल तर पाळकांना सांगा.

ज्यांना त्या रविवारी पुढे यायचं नव्हतं त्यांच्यासाठी

दरवर्षी दोन-तीन मुलं त्या रविवारी येतच नाहीत. नापास झालेली असतात, किंवा टक्के इतके कमी पडलेले असतात की मावश्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं नसतं. कार्ड त्यांना मिळत नाही. खरं तर त्या पत्रातली माणसंच हरून गेलेली होती. ते पत्र आधी तुमचं आहे.

तुम्ही योहान मार्काला शोधा. प्रेषितांची कृत्ये, तेराव्या अध्यायात तो पौल आणि बर्णबा यांना पंफुल्यात सोडून परत जातो. पंधराव्यात पौल त्याला पुन्हा बरोबर न्यायला साफ नकार देतो, त्यावरून पौल-बर्णबाची जोडी फुटते, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला निघून जातो. पुढे खूप वर्षांनी, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, तोच पौल म्हणतो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांचा तपशील दिलेला नाही. एवढं दिसतं की पौलाने दार लावलं तेव्हा बर्णबाने त्याला सोबत घेतलं. मंडळीतल्या मोठ्यांनो, टक्केवारी विचारण्याऐवजी हे काम करा.

झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर एकट्याने प्रार्थना करत बसू नका, माणसाला सांगा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, 14416 वर फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. तिथे फोन केल्याने विश्वास कमी पडला असं होत नाही. दात दुखला तर आपण डॉक्टरकडे जातोच.

आणि कागदाचं. पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते आणि तिच्या अर्जाची मुदत निकालानंतर लगेच सुरू होते. गुणपडताळणी किंवा उत्तरपत्रिकेची छायाप्रत हवी असेल तर तिचीही मुदत थोडीच असते, आणि रडण्यात आठवडा गेला तर ती हुकते. ऑनलाइन निकालाची प्रिंट काढून ज्या कॉलेजातून परीक्षा दिली तिथल्या ऑफिसात जा. सकाळी अकरानंतर, जेवणाच्या सुट्टीआधी. आमच्या कॉलेजची मुलं असाल तर तिसऱ्या खिडकीवर या. कोणता विषय राहिला एवढंच मी विचारीन, फॉर्म आपण तिथेच भरू.